जिन्याखालची गुहा

“काही हरवलंय का तुमचं?”

मी तेव्हा वाचनालयातल्या लांबलचक टेबलाखाली होते. दोन्ही गुडघे फरशीवर, केस कसेबसे वर बांधलेले आणि नजर समोरच्या कपाटावर. माझ्या नाकासमोर पॉलिश केलेले काळे बूट येऊन थांबले होते.

“नाही,” मी खालूनच म्हटलं. “बघतेय.”

“काय?”

“वाचनालय.”

बूट क्षणभर विचारात पडले. मग एक गुडघा फरशीवर टेकला, त्याच्या शेजारी दुसरा, आणि शेवटी एक चेहरा टेबलाखाली डोकावला. सावळा, गंभीर, भुवया वर गेलेल्या. मला वाटलं, हा आता शिपायाला हाक मारणार. पण तो चक्क रांगत माझ्या शेजारी आला आणि मी जिकडे बघत होते तिकडे बघायला लागला.

“इथून पुस्तकं दिसतच नाहीत,” थोड्या वेळाने तो म्हणाला. “नुसते खुर्च्यांचे पाय दिसतात.”

“तेच तर! बाहेर पाटी काय लावलीय? बालविभाग. आणि चार वर्षांच्या मुलाला इथे आल्यावर दिसतं काय? खुर्च्यांचे पाय!”

“आणि टेबलाला चिकटवलेलं च्युइंगम.”

“ते मुलांनी नाही चिकटवलेलं. ते मोठ्यांचं काम.”

“कशावरून?”

“मुलं गिळून टाकतात.”

तो इतक्या जोरात हसला की त्याचं डोकं टेबलावर आपटलं, आणि ग्रंथपाल बाईंनी आम्हा दोघांनाही बाहेर काढलं. बाहेर उन्हातच बारीक पाऊस पडत होता. तो डोकं चोळत होता, मी गुडघे झटकत होते.

“तुम्ही नेहमी अशाच हिंडता?” त्याने विचारलं.

“कामासाठी हिंडते. तुम्ही नेहमी अनोळखी बायकांच्या शेजारी रांगता?”

“छे! आज सुट्टी आहे म्हणून…”

आणि हातातलं पुस्तक डोक्यावर धरून तो पावसात निघूनही गेला. सुट्टीच्या दिवशी बुटांना पॉलिश करणारा माणूस! मी त्याच्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिले, हे कबूल करते.

मला माझ्या कामाचा गर्व आहे. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, म्हणजे पुढे कुणी नाक मुरडायला नको. मी लहान मुलांच्या शिकायच्या-खेळायच्या जागा आखते. बालवाड्या, पाळणाघरं, दवाखान्यातला मुलांचा कोपरा. शेजारच्यांनी विचारलं तर आई सांगते, “ती खुर्च्या छोट्या करते.” आईला कितीदा समजावलं की खुर्ची छोटी केली म्हणजे खोली मुलांची होत नाही. मूल जिथून बघतं तिथून आधी आपल्याला बघावं लागतं. म्हणून मी कुठल्याही खोलीत पहिल्यांदा शिरते ती गुडघ्यांवर. माझे गुडघे बघून आई हताश होते. लग्नाच्या मुलीचे गुडघे असे असतात का, म्हणते. मी म्हणते, लग्नात गुडघे कोण बघतं?

त्या दिवसांत मी पहिल्यांदाच कुणाच्या हाताखाली नव्हते. मोठ्या बाई म्हणजे एक निवृत्त शिक्षिका; त्यांनी आपल्या दुमजली घराचा खालचा मजला बालवाडीसाठी मोकळा केला होता आणि तो सगळाच्या सगळा माझ्या हवाली केला होता. बाईंनी आयुष्यभर मुलांना शिकवलं, पण तेही दुसऱ्यांच्या शाळांमध्ये, दुसऱ्यांनी लावलेल्या बाकांवर. “मला एकदा तरी अशी खोली बघायचीय,” त्या म्हणाल्या होत्या, “जिथून घरी जायला मुलं कुरकुर करतील.”

सगळं जमत आलं होतं. खिडक्यांचे कट्टे खाली आणले होते, मुलांना बाहेरची मांजर दिसावी म्हणून. भिंतीतले आरसे अगदी फरशीपासून सुरू होत होते. पण माझा जीव अडकला होता तो जिन्याखालच्या कोपऱ्यात. तिथे पूर्वी झाडू आणि बादल्या ठेवायचे. मी सुतारकाकांना धरून तिथे एक गुहा केली होती. लाकडी भिंतीत एक गोल तोंड, आत शिरल्यावर एक वळण, आणि वळणापलीकडे उतरत्या छपराची, मऊ गादीची, मंद उजेडाची जागा. आत बसलं की डोक्यावरून जिना चढणाऱ्या मोठ्यांची पावलं ऐकू यायची, पण त्या मोठ्यांपैकी एकालाही आत येता येणार नव्हतं. मी मुद्दामच ते वळण तसं ठेवलं होतं. रडू आलं, रुसवा आला, नुसतंच एकटं बसावंसं वाटलं, तर मुलांना हक्काची एक जागा असावी, जिथे ‘काय झालं? काय झालं?’ करत कुणी येणार नाही. त्या घरातलं बाकी सगळं मी उद्या दुसरीकडे पुन्हा केलं असतं. गुहा मात्र माझी होती, माझ्या डोक्यातून आलेली.

तपासणी झाल्याशिवाय बालवाडी उघडता येत नाही. तपासणीचा दिवस आला, बाहेर गाडी थांबली आणि दारातून ओळखीचे काळे बूट आत आले.

“तुम्ही?” आम्ही दोघंही एकदमच म्हणालो.

“हे आमचे तपासनीस साहेब,” मोठ्या बाई म्हणाल्या. “तुमची ओळख आहे वाटतं?”

“टेबलाखालची,” तो म्हणाला आणि स्वतःच लाजला.

मग मात्र त्याने हसू खिशात घातलं आणि टेप बाहेर काढली. कट्टे मोजले, कोपरे चाचपले, बिजागऱ्यांमध्ये बोट अडकतंय का ते स्वतःचं बोट घालून पाहिलं. प्रत्येक ठिकाणी मान हलवत होता आणि माझी मान वर वर जात होती. शेवटी तो गुहेसमोर आला.

“आत कसं जायचं?”

“तुम्ही नाही जायचं,” मी तोऱ्यात म्हटलं. “मोठ्यांना बंदी आहे.”

“मला सगळं बघावं लागतं हो,” म्हणत तो वाकला आणि शिरला. डोकं गेलं, खांदे गेले, कंबर गेली. मग काहीच जाईना. बूट तेवढे बाहेर राहिले.

“साहेब?” सुतारकाकांनी हाक मारली.

“छान आहे,” आतून आवाज आला.

“मग या बाहेर.”

“तेच जमत नाहीये…”

सुतारकाका तत्परतेने करवत घेऊन आले. मी करवतीसमोर आडवी उभी राहिले. “माझ्या गुहेला हात लावायचा नाही!”

“आणि मला?” आतून आवाज.

“तुम्हाला खुशाल लावू देत.”

शेवटी मी आणि काका एकेक पाय धरून ओढायला लागलो. माझ्या हातात आधी नुसता बूटच आला. मग तोही आला, धुळीने माखलेला, केस विस्कटलेले, आणि फरशीवर माझ्यासमोर बसकण मारून हसायला लागला. मीही हसले. इतकं हसले की डोळ्यांत पाणी आलं. आणि ते पुसतापुसता पाहिलं तर तो हसायचा थांबला होता.

“मी अडकलो, ते हसण्यावारी गेलं,” तो हळूच म्हणाला. “आत एखादं मूल घाबरून बसलं, किंवा त्याला चक्कर आली, तर त्याला आणायला जाणारा माणूसही असाच अडकेल.”

“मुलांना अशी एक तरी जागा हवी, जिथे मोठे येऊ शकत नाहीत.”

“मान्य. पण मोठे येऊच शकत नाहीत अशी जागा मला पास करता येत नाही. बालवाडी उघडायच्या आदल्या आठवड्यात पुन्हा तपासणी ठेवतो. तोवर काही सुचलं तर बघा. नाहीतर… तोंडाला फळी मारावी लागेल.”

फळी! मला असा राग आला, असा राग आला… आणि तो बरोबर बोलत होता, याचा त्याहून जास्त आला.

“कोण होता तो?” घरी सगळं ऐकून झाल्यावर आईने विचारलं.

“एक महा त्रासदायक माणूस.”

“मग हसतेस कशाला एवढी?”

शनिवारी मी वाचनालयात गेले. कामासाठीच गेले होते, उगाच कुणी काही समजू नये. तो बालविभागात गुडघ्यांवर होता. मला पाहिल्यावर टेबलाखालीच जागा करून देत म्हणाला, “च्युइंगम वाढलंय.”

“गुहेबद्दल एक अक्षर बोलायचं नाही,” मी म्हटलं.

“नाही बोलणार. आज सुट्टी आहे.”

तो नियम आम्ही दोघांनीही पाळला. त्यानंतरच्या शनिवारी आम्ही पोस्टात गेलो, मग बसस्थानकावर, मग एका कपड्यांच्या दुकानात. सगळीकडे तो आपली चांगली पँट मळवत माझ्याबरोबर खाली वाकायचा. पोस्टाच्या खिडकीखाली बसून त्याने शोध लावला की लहान मुलाला तिथून फक्त लोकांच्या पिशव्या दिसतात. कपड्यांच्या दुकानात लटकवलेल्या कोटांमध्ये शिरून म्हणाला, “इथून बाहेर यावंसंच वाटत नाही.” चहाच्या टपरीवर पावसाची सर आली की आम्ही एकाच पत्र्याखाली उभे राहायचो. त्याचा खांदा माझ्या खांद्याला लागायचा… आणि दोघांपैकी कुणीच सरकायचं नाही.

मी मात्र रोज रात्री जेवणानंतर कागदावर तेच वळण काढत होते आणि खोडत होते. वळण सरळ केलं तर गुहेचं कपाट व्हायचं. तोंड मोठं केलं तर मोठी माणसं डोकी घालणार. माझं गाडं तिथेच अडलं होतं.

मग एके शनिवारी वाचनालयात एक छोटी मुलगी आईवर रुसून पडद्यामागे लपली. पडदा आखूड होता, तिचे दोन्ही पाय गुडघ्यापासून बाहेर. तिची आई समोरच बसली होती, तिला ते पाय स्वच्छ दिसत होते, पण ती पुस्तकातून मान वर काढत नव्हती. आणि माझा हा साहेब, पडद्याच्या अगदी शेजारी उभा राहून, कपाटाला विचारत होता, “कुठे बरं गेली असेल? इथे तर कुणीच नाही…” पडदा खुदकन हसला. त्याने कपाट उघडलं, बंद केलं, आपल्या खिशातही पाहिलं. “खिशात पण नाही!”

त्या क्षणी दोन गोष्टी झाल्या. एक म्हणजे, मी प्रेमात पडले. सरळच सांगते, त्यात आढेवेढे कसले? आणि दुसरी म्हणजे, मला गुहा सुचली. मुलाला आपण लपलोय असं वाटलं की झालं. मोठ्यांना ते दिसत असलं, हाताला लागत असलं, तरी काही बिघडत नाही. मोठ्यांनी फक्त न बघितल्यासारखं करायचं असतं.

“मला जायचंय,” मी म्हटलं.

“आत्ता? चहा?”

“नको. काम आहे!” आणि मी भर पावसात धावत सुटले.

गोल तोंड तसंच राहिलं, वळणही तसंच राहिलं. बदलली ती बाजूची भिंत. सुतारकाकांनी ती सगळी आडव्या पट्ट्यांची केली. पट्ट्या अशा तिरक्या, की आत बसलेल्या मुलाला बाहेरचं दिसत नाही, पण उभ्या माणसाने वरून नजर टाकली तर आतलं मूल दिसतं. आणि ती आख्खी भिंत वरच्या एका खिट्टीवर. मुलांचा हात पोचणार नाही अशी खिट्टी ओढली की भिंत दारासारखी उघडते. एरवी तिला कुणी हात लावायचा नाही. मोठ्या बाईंनी खिट्टी ओढून पाहिली, सोडून पाहिली, पुन्हा ओढून पाहिली आणि मला जवळ घेतलं. त्याला मी यातलं काहीच सांगितलं नव्हतं. नियम म्हणजे नियम. तपासणीच्या दिवशी तो कसा आ वासून बघेल, याची मी मनातल्या मनात मजा घेत होते.

आदल्या दुपारी मोठ्या बाईंचा फोन आला. “अगं, उद्या ते साहेब येत नाहीयेत. त्यांनी आपल्या बालवाडीचं काम सोडलं म्हणे. दुसऱ्या मॅडम येतायत, फार कडक आहेत म्हणतात.”

माझा नुसता संताप झाला. मी तशीच त्याच्या ऑफिसात गेले.

“पळालात ना?” त्याच्या टेबलासमोर उभी राहून मी म्हटलं. चार टेबलांवरच्या माना वळल्या.

तो उठला, मला बाहेरच्या गॅलरीत घेऊन गेला. कठड्यावरून पाण्याचे थेंब टपटपत होते.

“तुमचं काम मी तपासू शकत नाही.”

“आवडणार नाही हे आधीच ठरवून टाकलंत?”

“उलट.” त्याने चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. “मी पास केलं असतं… तर ते खरंच पास झालं, की मी केलं, हे मलाच कळलं नसतं. लोक म्हणाले असते, ओळखीने झालं. आणि तुम्हाला ते चाललं नसतं. तुम्ही नाकावर माशी बसू देत नाही.”

“म्हणजे… नक्की काय म्हणायचंय तुम्हाला?”

“मला तुम्ही आवडता.” अहवाल वाचून दाखवावा तसं त्याने एका दमात म्हटलं, आणि मग त्याचे कान लाल झाले. “हे मी आमच्या मोठ्या साहेबांना सांगितलं, आणि त्यांनी काम दुसऱ्यांकडे दिलं.”

“साहेबांना? मला सांगायच्या आधी?”

“नियम तसा आहे. हितसंबंध असतील तर आधी वरिष्ठांना कळवायचं.”

हितसंबंध! मला आयुष्यात कुणी गोड नावाने हाक मारावी म्हणून मी वाट बघत होते अशातला भाग नाही, पण हितसंबंध? मी हसू दाबत कठड्याकडे तोंड फिरवलं. पण खरं सांगायचं तर मला भरून आलं होतं. माझ्यावर मेहेरबानी करणं त्याला किती सोपं होतं. त्याऐवजी माझं काम माझंच राहावं म्हणून हा माणूस बाजूला झाला होता. माझ्या गर्वाला जपणारा माणूस मला पहिल्यांदाच भेटत होता, आणि त्या वेळी मला त्याचाही गर्व वाटला.

“काहीतरी बोला,” तो म्हणाला.

“उद्या. आधी माझी गुहा.”

“आणि नापास झाली तर?”

“तर फळी काढून पुन्हा बांधीन. उत्तर तेच राहील.”

“कोणतं?”

“उद्या म्हटलं ना!”

मॅडम खरोखरच कडक होत्या. त्यांनी चहाला नाही म्हटलं, पाण्यालाही नाही म्हटलं. कट्टे, आरसे, बिजागऱ्या, सगळं झाल्यावर त्या गुहेसमोर उभ्या राहिल्या. बारीक अंगाच्या मोठ्या बाईंना त्यांनी आत जायला सांगितलं. मोठ्या बाई मजेत रांगत गेल्या. वळणावर थोड्या कण्हल्या, पण माझी ‘मोठ्यांना बंदी’ मोडून पोचल्या. “आता बेशुद्ध पडा,” मॅडम म्हणाल्या. मोठ्या बाई आज्ञाधारकपणे गादीवर आडव्या झाल्या. मॅडमनी एका हाताने खिट्टी ओढली, भिंत उघडली, आणि मोठ्या बाई डोळे मिटून, ओठ दाबून हसत सापडल्या.

मॅडमनी भिंत बंद केली. खाली वाकून पट्ट्यांना डोळा लावला, मग उभं राहून वरून पाहिलं.

“ही कल्पना आमच्या साहेबांची का? आधी ते येऊन गेले होते ना?”

“नाही,” मी म्हटलं. “त्यांनी फक्त नाही म्हटलं. पुढचं सगळं माझं आहे.”

मॅडमनी माझ्याकडे पहिल्यांदाच नीट बघितलं. “चांगलं आहे,” त्या म्हणाल्या. “इतर ठिकाणीही असं करायला सांगेन मी.” आणि सही केली. सुतारकाकांनी करवत खाली ठेवून टाळ्या वाजवल्या.

मी त्याला फोन करून एवढंच सांगितलं, “पास. सोमवारी उघडतेय. या.”

“आणि उत्तर?”

“सोमवारी या म्हटलं ना!”

सोमवारी सकाळी आईसुद्धा आली होती. एका छोट्या खुर्चीवर कशीबशी टेकून ती शेजारच्या पालकांना सांगत होती, “हे सगळं माझ्या मुलीने केलंय. नुसत्या खुर्च्या नाहीत हं, सगळंच.” माझी छाती इतकी फुगली की मला दुसरीकडे बघावं लागलं. कुणी आरशासमोर जिभा काढत होतं, कुणी कट्ट्यावर बसून मांजराला हाका मारत होतं. दोन वेण्यांची एक चिमणी मात्र दारातच रडायला लागली, आणि बाईंनी हात पुढे करायच्या आत गुहेचं गोल तोंड बघून सरळ आत घुसली. मोठ्या बाईंनी वरून हळूच नजर टाकली आणि न बघितल्यासारखं केलं. थोड्या वेळाने आतलं रडू थांबलं.

तो फाटकाशी उभा होता. हातात फाइल नाही, टेप नाही. आत यायचं काही कारणच हाताशी नसल्यासारखा घुटमळत होता. मी जाऊन त्याचा हात धरला आणि सगळ्यांसमोर, आईसमोर, त्याला आत घेऊन आले. तो गुहेसमोर उकिडवा बसला. पट्ट्यांवरून बोट फिरवलं, मान वर करून खिट्टी शोधली, आणि त्याला सगळं कळलं.

“माझ्या डोक्यात हे कधीच आलं नसतं,” तो म्हणाला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं.

“माहितीय मला.”

तेवढ्यात गोल तोंडातून चिमणीने डोकं बाहेर काढलं. गाल अजून ओले होते. तिने त्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

“तू कुणाचा बाबा आहेस?”

“मी?” तो गडबडला. “कुणाचाच नाही.”

“मग तू कुणाचा आहेस?”

तो माझ्याकडे बघायला लागला. बिजागरीत बोट घालताना न घाबरणारा माणूस!

“माझा,” मी म्हटलं.

चिमणीला तेवढं पुरलं. ती पुन्हा आत गेली.